सहअभ्यासक्रमाचा रकाना

जून महिना उजाडला की कोलाडच्या बाजारपेठेत दोन गोष्टींची लगबग एकाच वेळी सुरू होते. एक ताडपत्र्या व छत्र्यांच्या विक्रीची आणि दुसरी बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या महाविद्यालयीन प्रवेशाची. आंबेवाडी नाक्यावरच्या एखाद्या दुकानात गल्ल्याशेजारीच अर्ज भरण्याचे काम चालते. मुख्य विषय कोणता, गौण विषय कोणता, हे रकाने वडील गिऱ्हाईक थांबवून वाचतात. लेखाशास्त्र घ्यावे की संगणक, यावर काकांना दूरध्वनी होतो. मग ‘सहअभ्यासक्रम’ हा रकाना येतो. क्रीडा व तंदुरुस्ती, योगशिक्षण, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्र सेना, सांस्कृतिक कला अशी नावे त्यात असतात. येथे मात्र कोणी थांबत नाही. ज्याला हजेरीचा त्रास सर्वांत कमी असे कोणीतरी सांगितलेले असते, त्यावर खूण होते आणि अर्ज पुढे सरकतो.

या रकान्यामागे मोठा इतिहास आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला आणि महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये तो आपल्या विद्यापीठांसाठी स्वीकारला. (ज्या आयोगाने हा आराखडा केला, त्याचे अध्यक्षपद एके काळी चिंतामणराव देशमुखांनी भूषविले होते. रिझर्व्ह बँकेच्या या पहिल्या भारतीय गव्हर्नरांचे बालपण कोलाडपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या रोह्यात गेले, हे तालुक्यातील आजच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.) तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी ८ श्रेयांक सहअभ्यासक्रमाचे असून ते पहिल्या दोन वर्षांच्या चार सत्रांत मिळवावयाचे असतात. म्हणजे मैदानावरचा घाम आता गुणपत्रकात उतरतो. मात्र तो उतरलाच पाहिजे असे नाही. विद्यार्थी दुसरा पर्याय निवडून संपूर्ण पदवी एकदाही न धावता पूर्ण करू शकतो.

तेव्हा प्रश्न असा, की शारीरिक शिक्षण हे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी पर्यायांतील एक असावे, की सर्वांसाठी आवश्यक असावे?

साधारणपणे या प्रश्नाचे उत्तर खेळाडूंकडे पाहून दिले जाते. रायगड जिल्ह्यात कबड्डीचे वेड गावोगाव आहे. हिवाळ्यात रोहे तालुक्यातील कोणत्याही वाटेने रात्री गेले, तर दिव्यांच्या प्रकाशात आखलेले एखादे मैदान आणि त्याभोवतीची गर्दी हमखास दिसते. ज्याला मैदानाची ओढ आहे तो मैदान शोधतोच. त्याच्यासाठी विद्यापीठाने सक्ती करावी, असे काही नाही. उलट स्पर्धेत भाग घेणाऱ्यांना सवलतीच्या गुणांची सोयही विद्यापीठाने पूर्वीपासून ठेवलेली आहे. विचार करावयाचा आहे तो मैदानाकडे कधीच न फिरकणाऱ्या मुलामुलींचा. व्यापारी कुटुंबांतील बहुतेक मुले आणि जवळजवळ सर्व मुली या दुसऱ्या वर्गात मोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख अशी अंदाजली आहे. दिवसाचे दहा-बारा तास गादीवर वा गल्ल्यावर बसणाऱ्यांना हे आकडे परके वाटू नयेत. ज्यांच्या आजोबांनी कापडाचे गाठोडे खांद्यावर टाकून गावोगावच्या बाजारांची वाट तुडविली, त्यांच्या नातवाला आज दुकानापासून घरापर्यंतच्या तीनशे पावलांसाठी स्कूटर लागते. त्याच घरातील आजी पालीताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या पायी चढून आलेली असते आणि नातू डोली ठरवू पाहतो, हा अनुभव अनेक कुटुंबांना असेल.

व्यवहार जाणणाऱ्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. दुकानातील वजनकाटा, शीतकपाट, वितरणाची गाडी यांच्यावर दर वर्षी घसारा धरला जातो, आणि तो न धरता दाखविलेला नफा खरा नव्हे, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकविले जाते. ते शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाच्या शरीरासाठी मात्र कोणत्याही खात्यात तरतूद नसते.

तरीही सक्ती म्हटली की आक्षेप येतात, आणि ते सर्वच उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप वडिलांचा असतो. मुलगा सकाळी एस.टी.ने रोह्याला जातो, दुपारी परत येतो आणि जेवून दुकानात बसतो. वडील दोन घटका विश्रांती घेतात ती त्याच्या भरवशावर. आठवड्याचे चार तास मैदानासाठी गेले तर ते दुकानाच्या तासांतून जातात. ‘शिकायला पाठवले की उड्या मारायला?’ हे वाक्य रागाचे असले तरी त्यामागे एक खरा हिशेब आहे आणि त्या हिशेबाची दखल वेळापत्रक आखणाऱ्याने घेतली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. अठरा वर्षांचा नागरिक मतदान करतो, करार करू शकतो. त्याने व्यायाम करावा की नाही हे विद्यापीठाने का ठरवावे? पण विद्यापीठे असे पूर्वीपासून ठरवीत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांनंतर पर्यावरणाचा अभ्यास पदवीच्या सर्व शाखांना पुढे सक्तीचा झाला. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पर्यावरण कशासाठी, असे तेव्हाही विचारले गेले असेल. आज कोणी विचारत नाही. तथापि हेच उदाहरण दुसऱ्या बाजूनेही वाचावे लागते. त्या सक्तीच्या विषयाचे अनेक ठिकाणी काय झाले, हे ज्यांनी तो विषय उत्तीर्ण केला त्यांना विचारावे. जुन्या प्रकल्पवहीवरून नवी वही उतरवून काढण्याची कला त्यांतील पुष्कळांना अवगत असते. अकरावी-बारावीलाही आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय सक्तीचा आहे आणि त्याची श्रेणी गुणपत्रकावर छापली जाते. त्या दोन वर्षांत किती तास खरोखर मैदानावर गेले, हे पालकांनी आपल्याच मुलांना विचारून पाहावे. कागदावरच्या सक्तीने शरीर घडत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रामाणिकपणे न केलेल्या कामाचे श्रेय घेण्याची सवय अठराव्या वर्षी लागते.

महाराष्ट्राला शारीरिक शिक्षणाची कल्पना नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम उभे केले आणि योगाभ्यासाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. लोकमान्य टिळकांची गोष्ट तर प्रत्येक व्याख्यानात येते. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालविले आणि त्या वर्षाच्या परीक्षेवर पाणी सोडले. ही गोष्ट सांगताना वक्ते टिळकांच्या निश्चयाचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण तिच्यातील दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. त्या काळच्या महाविद्यालयात व्यायामाला वेळापत्रकात जागा नव्हती, म्हणून टिळकांना त्याची किंमत एका वर्षाने मोजावी लागली. आजच्या कोणत्या पित्याला मुलाचे एक वर्ष असे गेलेले चालेल? मग तो वेळ वेळापत्रकातच असला पाहिजे.

आणि येथेच मुलींचा प्रश्न येतो, जो या सर्व चर्चेत खरा महत्त्वाचा आहे. घरात व्यायामाला उघड विरोध क्वचितच असतो. मुलीला कोणी ‘धावू नकोस’ म्हणत नाही. फक्त तिचा वेळ कोणी तिच्यासाठी राखून ठेवत नाही. सकाळी स्वयंपाकघरात हात, मग महाविद्यालय, मग घर, संध्याकाळी पाहुणे. महाविद्यालय सुटल्यावर मैदानावर थांबते म्हटले तर ‘कशासाठी?’ हा प्रश्न येतो आणि त्याला ‘मला आवडते’ हे उत्तर पुरेसे मानले जात नाही. ‘हजेरी लागते, श्रेयांक आहेत’ हे उत्तर मात्र पुरते. सक्ती हा शब्द मुलाच्या कानाला बंधनासारखा लागत असेल. तिच्यासाठी तोच शब्द परवानगी ठरतो. जे घर तिच्या हौसेसाठी तास देणार नाही, ते विद्यापीठाच्या नियमासाठी देते. ऐच्छिक पर्यायांच्या यादीत क्रीडा ठेवून ‘ज्यांना हवे त्यांनी घ्यावे’ म्हणणाऱ्यांनी पाहिले पाहिजे की ती निवड प्रत्यक्षात कोण करीत असते. गल्ल्याशेजारी भरल्या जाणाऱ्या त्या अर्जावर खूण करणारा हात पुष्कळदा तिचा नसतोच.

म्हणून शारीरिक शिक्षण सर्वांसाठी आवश्यक असावे. पण ते कसे, याचा हिशेब आधी मांडावा लागेल.

प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी सत्रात ३० तास धरले जातात. दोन श्रेयांकांचे ६० तास झाले, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. पंधरा आठवड्यांचे ते साडेसदतीस तास होतात. तेव्हा चारही सत्रे क्रीडेला देण्याची गरज नाही. पहिल्या वर्षाची दोन सत्रे सर्वांसाठी शारीरिक शिक्षणाची ठेवावीत आणि दुसऱ्या वर्षी संगीत, सेवा योजना वा छात्र सेना यांतून ज्याने त्याने निवडावे. एवढी तडजोड करण्यास हरकत नाही.

खरी अडचण शिक्षकांची आहे. समजा, एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला सहाशे विद्यार्थी आहेत. चाळीस-चाळीसच्या तुकड्या केल्या तर पंधरा होतात. प्रत्येकीला आठवड्याचे चार तास म्हटले तर साठ तास भरतात. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे पद बहुधा एकच असते, तेही भरलेले असेल तर. हा गुणाकार न करता काढलेला कोणताही आदेश वहीत श्रेणी भरण्यापुरता उरेल. चारपैकी दोन तास संचालकांच्या देखरेखीखाली आणि दोन तास गावातील मान्यताप्राप्त क्रीडामंडळात, अशी विभागणी केल्यास कोलाड-रोह्यासारख्या भागात ते जमण्याजोगे आहे, कारण कबड्डी शिकविणारे येथे गावोगाव आहेत. त्यांच्या नोंदवहीला महाविद्यालयाने मान्यता द्यावी आणि अधूनमधून तपासणीही करावी. दुकानात बसणाऱ्या मुलालाही यामुळे निम्मे तास गावातच देता येतील.

दुसरी अडचण कोकणाची म्हणून आहे आणि मुंबई-पुण्यात बसून वेळापत्रक करणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. पहिले सत्र जून-जुलैत सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपते. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच महिन्यांत. मैदान म्हणजे तळे झालेले असते. बंदिस्त क्रीडागृह प्रत्येक महाविद्यालयाला परवडणारे नाही. तेव्हा पहिले सत्र छपराखालच्या व्यायामाचे ठेवावे. सूर्यनमस्कार, दंड-बैठका, योगासने यांना पडवीही चालते. दोरीच्या मल्लखांबाला एक भक्कम तुळई, दोर आणि खाली गाद्या एवढीच सामग्री लागते. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, असे परंपरा सांगते. मुली दोरीच्या मल्लखांबात अनेकदा मुलांहून सरस ठरतात, हे स्पर्धा पाहिलेल्यांना माहीत आहे. धावणे, कबड्डी, खो-खो यांसाठी दिवाळीनंतरचे कोरडे सत्र आहेच.

गुण कशाचे द्यावेत, यावरही स्पष्टता हवी. शंभर मीटर किती सेकंदांत, यावर गुण दिले तर जन्मतः चपळ असलेल्याला बक्षीस आणि स्थूल मुलाला शिक्षा असे होईल, आणि तो मुलगा मैदानाचा कायमचा शत्रू बनेल. शाळेत शेवटचा आल्याबद्दल हसले गेलेली माणसे साठीतही व्यायामाचे नाव काढत नाहीत. गुण हजेरीचे असावेत आणि सुधारणेचे असावेत. जुलैत जो तीन सूर्यनमस्कारांत थकला, तो ऑक्टोबरमध्ये बारा घालत असेल तर त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. दमा, हृदयविकार वा अपंगत्व असलेल्यांसाठी वैद्यकीय सल्ल्याने वेगळा क्रम हवा. त्यांना सूट देऊन बाजूला बसविणे ही मदत नव्हे.

जैन कुटुंबांपुरती वेळेची एक गोष्ट महाविद्यालयांना आधीच सांगून ठेवावी लागेल. नवकारशी पाळणारा विद्यार्थी सूर्योदयानंतर ४८ मिनिटे काही घेत नाही आणि चौविहार पाळणारा सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतो. डिसेंबरात सकाळी सातचा तास ठेवला तर तो उपाशीपोटी धावेल आणि संध्याकाळी साडेपाचचा ठेवला तर रात्रभर उपाशी राहील. दोन व्याख्यानांच्या मधला, सकाळी नऊ-दहाचा तास सर्वांनाच सोयीचा आहे. पर्युषण पहिल्या सत्रातच येते. अठ्ठाई करणाऱ्या मुलीने त्या आठ दिवसांत मल्लखांबावर चढू नये, हे शिक्षकाला कोणी सांगितले तरच कळेल. पण याच कारणाने पूर्ण सत्राची सूट मागणे योग्य होणार नाही. आठ दिवसांचे तास पुढे भरून देता येतात. तप करणाऱ्या शरीराला बळ लागते, हे वर्षीतप केलेल्या कोणत्याही व्यक्तीला विचारावे.

उरतो पोहण्याचा विषय, आणि तो कोलाडला टाळता येत नाही. मुळशीच्या जलाशयाचे पाणी १९२७ पासून चालू असलेल्या भिऱ्याच्या वीजगृहातून खाली येते आणि कुंडलिकेत सोडले जाते. त्या सोडलेल्या पाण्यावर येथील राफ्टिंगचा सारा व्यवसाय उभा आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतील मुलामुलींचे जथे येतात, तरंगजाकिटे चढवतात आणि होडीत बसतात. त्यांना प्रवाहातून नेणारा मार्गदर्शक बहुधा त्यांच्याच वयाचा असतो. त्याचा खांदा, त्याचा श्वास आणि पाण्याचे त्याचे ज्ञान यांवर होडीतल्या सहा-आठ पदवीधरांचा जीव अवलंबून असतो. दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांच्या कडेला बुडालेल्या विद्यार्थ्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात. त्या वाचून पालक सहली बंद करतात, पण पोहणे शिकवीत नाहीत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही अभियांत्रिकीची जगन्मान्य संस्था आहे. तेथे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षणाचे वर्ग पूर्ण करावे लागतात आणि पोहण्याची चाचणी द्यावी लागते. ज्याला पोहता येत नाही त्याने पोहण्याचा वर्ग घ्यावयाचा. अशा संस्थेच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला वेळ कमी पडतो, असे कोणी म्हणणार नाही.

कुंडलिकेच्या पात्रात नवशिक्यांना शिकविणे धोक्याचे आहे. वीजगृहातून पाणी सुटले की प्रवाह बघता बघता वाढतो. पण कोलाडच्या आसपास गेल्या काही वर्षांत विश्रामगृहे झाली आहेत, त्यांतील अनेकांत तरणतलाव आहेत, आणि सोमवार ते शुक्रवार ते बहुतांशी रिकामे असतात. महाविद्यालयाने अशा एक-दोन मालकांशी सत्राचा करार केला, राफ्टिंगच्या प्रशिक्षित तरुणांना जीवरक्षक म्हणून घेतले आणि मुलींसाठी स्वतंत्र वेळ व स्त्री-प्रशिक्षक ठेवल्या, तर नव्याने काही न बांधता हा वर्ग सुरू होऊ शकतो. शुल्काचा प्रश्न येईल. तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला आठवड्यातून दोन तास, या हिशेबाने मालकाला रिकाम्या दिवसांचे काही उत्पन्न मिळते आणि विद्यार्थ्यावर भार थोडा पडतो. तोही ज्यांना झेपणार नाही त्यांचा वाटा बाजारपेठेतील व्यापारी मंडळींनी उचलावा. वह्या-पुस्तकांचे वाटप दर जूनमध्ये ती करीतच असतात. फक्त ही बोलणी एप्रिल-मेमध्ये व्हावयास हवीत, कारण पावसाळी पर्यटकांची गर्दी एकदा सुरू झाली की विश्रामगृहाच्या मालकाला भेटायलाही वेळ नसतो.